धाकट्यानं उचललेला वाटा

गाडीचे पिस्टन मी खोक्याच्या रंगावरून निवडले होते. नागपूरच्या त्या दुकानात मी अशा तोऱ्यात उभा होतो, की अख्ख्या वऱ्हाडात माझ्यासारखा पारखी दुसरा नाही. दुकानदारानं आधी एक सेट दाखवला तो तेलकट कागदात गुंडाळलेला, रंगानं काळपट. मी म्हटलं, "हे काय भंगार दाखवून राहिले तुमी?" त्यानं वरच्या फळीवरून लालभडक खोकं काढलं. त्यावर सोनेरी अक्षरं आणि आत चांदीच्या भांड्यांसारखे लखलखणारे पिस्टन. रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, सगळं त्याच रंगाच्या खोक्यांत. इंग्रजी मला जेमतेम यायचं, पण 'ओरिजिनल' एवढा शब्द मी लावला आणि माझं समाधान झालं. अकोल्यापर्यंत रेल्वेत ती खोकी मी मांडीवरून खाली ठेवली नाहीत. शेजारच्या माणसानं विचारलं, "लग्नाचे दागिने हायेत का?" मी म्हटलं, "तसंच समजा."

घरी आल्यावर बायकोनं त्या खोक्यांना हळदकुंकू वाहिलं. धाकटा भाऊ ओसरीवर बसला होता. त्यानं एक पिस्टन हातात घेतला, उलटा केला, पुन्हा खोक्यात ठेवला आणि म्हणाला, "चांगलं हाये, दादा." एवढंच.

आमच्या घरी दोन गाड्या होत्या. बाबा आधी कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनवाल्याकडे ड्रायव्हर होते. लढाई संपल्यावर मिलिटरीच्या लिलावात त्यांनी एकाच जातीच्या दोन अमेरिकन गाड्या उचलल्या आणि त्यांच्याबरोबर जुन्या पार्टांची एक लोखंडी पेटीही घेतली. त्या पेटीत मेणकागदात बांधलेले पिस्टन, बेअरिंग असं बरंच काही होतं, ग्रीस फासून ठेवलेलं. बाबा गेले तेव्हा दोन्ही गाड्या अकोल्याच्या स्टँडवर भाड्यानं चालत होत्या. कापसाच्या हंगामात दलाल आणि व्यापारी यांना घेऊन आम्ही बाळापूर, पातूर, हिवरखेड असे फिरायचो. मी नुसता ड्रायव्हर. धाकट्याला मात्र बाबांनी लहानपणीच बाळापूर रोडवरच्या, इंजिनाची झिजलेली सिलिंडरं कापून नीट करणाऱ्या एका बोरिंगवाल्या मिस्त्रीच्या हाताखाली घातलं होतं, त्यामुळे त्याला इंजिनही कळायचं. मला ते कळत नव्हतं आणि कळत नाही हे मी कबूलही करत नव्हतो. मी थोरला होतो ना!

दोन्ही गाड्या सारख्याच राबल्या आणि एकाच सुमाराला म्हाताऱ्या झाल्या. ऑइल खायच्या, धूर सोडायच्या, चढाला नुसत्या दमायच्या. दोन्ही इंजिनं उघडून नवे पिस्टन बसवणं भाग होतं. परदेशी माल मिळेनासा झाला होता. नागपूरला मला मनासारखा एकच सेट मिळाला. दुसऱ्या गाडीला बाबांच्या पेटीतला जुना सेट घालायचा, असं ठरलं. मिस्त्रीनं बजावलं होतं की दोन्ही माल एकमेकांत मिसळायचे नाहीत, एका इंजिनात एकच जात.

नेमकं त्याच वर्षी आम्ही वेगळे निघालो. भांडण असं नव्हतं. धाकट्याचं लग्न झालं होतं, सासर अमरावतीचं, तिकडे स्टँडवर जागा मिळत होती. पण वाटणी ती वाटणी. आमच्याकडे रीत अशी, की थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. मामा पंच म्हणून आले. भांडी झाली, अंथरुणं झाली, शेवटी गाड्या आल्या. गाड्या सारख्याच होत्या, तिथं काही प्रश्न नव्हता. प्रश्न पार्टांचा होता.

मी अंगणात दोन गोणपाटं अंथरली. एकावर नागपूरचा माल मांडला, लाल खोक्यांतून काढून, चमचमणारा. दुसऱ्यावर बाबांचा, मेणकागद पिवळा पडलेला, ग्रीस काळं झालेलं. उन्हात त्या दोन वाट्यांकडे पाहून मलाच लाज वाटली. एवढे विषम वाटे कुणी करतं का? पण दुसरा इलाज नव्हता. आणि खरं सांगतो, माझा जीव त्या नव्या मालात अडकला होता. मी तो निवडला होता, मी मांडीवर आणला होता. धाकटा समजूतदार आहे, थोरल्याची हौस ओळखेल आणि जुना वाटा उचलेल, असं मी मनात धरून बसलो होतो.

मामा म्हणाले, "उचल रे."

धाकटा खाली बसला. त्यानं दोन हातांत दोन पिस्टन घेतले, एक इकडचा, एक तिकडचा, आणि बराच वेळ तोलत राहिला. मग नखानं रिंगेची खाच चाचपली. बाजारात बाई वांगं दाबून पाहते तसं ते मला वाटलं आणि माझं डोकं सणकलं. एवढं पारखायचं काय त्यात, डोळ्यांना दिसत नाही का? शेवटी त्यानं जुना पिस्टन हळूच मेणकागदावर ठेवला आणि नवा वाटा आपल्याकडे ओढला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "हा घेतो मी."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. माझी बायको दारात उभी होती, ती तशीच आत निघून गेली. मी "बरं" म्हटलं. ते "बरं" माझ्या तोंडून कसं निघालं, ते माझं मला माहीत.

त्या आठवड्यात धाकट्यानं माझं इंजिन आधी बांधलं. बोरिंग मिस्त्रीकडे झालं, पण बाकी सगळी जुळणी त्यानं स्वतः केली. एकेक रिंग घासून पाहिली, एकेक बोल्ट दोनदा आवळला. मी चहासुद्धा विचारला नाही. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. नवं उचललं, आता हातानं काम करून पाप फेडतोय. मग स्वतःचं इंजिन बांधून तो बायकोला घेऊन अमरावतीला गेला. जाताना पाया पडला. मी आशीर्वाद दिला, पण मनापासून नाही.

माझी गाडी मात्र अशी चालू लागली की स्टँडवरचे लोक विचारायचे, "का करून राहिले तुमी हिले?" मी फुशारून सांगायचो, "गाडी हातात असते बापा, पार्टात नाई. वेळेवर ऑइल, वेळेवर पाणी. बापाच्या भंगारावर चालवून राहिलो, पाहा." हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की मला ते पाठ झालं होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मला ऐकवायला तिथं कुणी नव्हतं.

धाकट्याच्या गाडीच्या बातम्या यायच्या. धूर सोडते. मग, इंजिन आतून ठोकतं. तो अमरावतीहून परतवाड्याकडे भाडी मारायचा, पण इतका हळू की बैलगाडीवाले त्याला हात दाखवून पुढे जायचे आणि उतारू चिडवायचे. मी ऐकायचो आणि मला आतून गार वाटायचं. होय, गारच वाटायचं. जशी करणी तशी भरणी, असं मी बायकोला म्हणायचो आणि ती म्हणायची, "नव्याची नवलाई नऊ दिवस."

तिचंही तोंड तिखट. हिवरखेडला एका लग्नात आहेराची लुगडी निघाली. कुठली कुणाला, यावर बायकांची गडबड चालली होती. माझी बायको भर मांडवात मोठ्यानं म्हणाली, "आदी आमच्या जाऊबाईले उचलू द्या. त्यायले पयले उचलाची सवय हाये." बायका हसल्या. मी पुरुषांच्या पंगतीत होतो, मलाही ऐकू आलं, आणि मीही हसलो. धाकट्याच्या बायकोनं समोरचं एक लुगडं उचललं, घडी नीट केली आणि सगळ्यांबरोबर हसली.

पुढे एका हंगामात बडनेऱ्याच्या अलीकडे धाकट्याच्या गाडीचा पिस्टन फुटला आणि रॉड इंजिन फोडून बाहेर आला. उतारू वाचले, गाडी गेली. नवं इंजिन घेणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. गाडी भंगारात देऊन तो अमरावतीच्या एका कापूसवाल्या शेठचा ड्रायव्हर झाला. मी मदतीला गेलो नाही. "त्यानं नवं उचललं होतं," हे माझं उत्तर तयार होतं.

एकदा तो शेठ अकोल्याच्या बाजारात आला. धाकट्यानं उतरून मागचं दार उघडलं आणि टोपी सावरून बाजूला उभा राहिला. आमच्या घरात स्वतःची गाडी चालवणारा मुलगा परक्याचं दार उघडून उभा होता, आणि ते पाहून माझ्या मनात जो शब्द आला तो "अरेरे" नव्हता, "बरं झालं" होता. त्यानं मला पाहिलं, हसून "दादा" म्हणाला. मी रेडिएटरचं झाकण उघडून पाणी पाहत बसलो. पाणी भरलेलंच होतं.

माझी गाडी म्हातारी झाली ती फार नंतर. चढाला थोडी दमायला लागली, तशी मी ती बाळापूर रोडवरच्या त्याच मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री आता थकला होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. त्यानं इंजिन उघडलं, पिस्टन बाहेर काढून रॉकेलनं धुतले आणि एकेक उजेडाकडे धरून फिरवून पाहिला.

"पिस्टनले काई होत नाई," तो म्हणाला. "रिंगा बदलू, व्हॉल्व्ह घासू. हेच पिस्टन परत जातीन. असा माल आता कुठी भेटते?"

मी म्हटलं, "बाबांच्या पेटीतलं भंगार ते. मी सांभाळून चालवली म्हणून टिकलं."

मिस्त्री हसला. "भंगार? हे मिलिटरीचं होतं, अस्सल. भंगार तं ते होतं, तुमच्या धाकट्यानं नेलं ते. हातात घेतलं का समजे, बिस्किटावानी हलकं."

मला वाटलं, म्हाताऱ्याची गफलत होतेय. मी म्हटलं, "ते नवं होतं. त्यानं आधी उचललं. मी वाटे मांडले होते."

मिस्त्रीनं पिस्टन खाली ठेवला आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"तुमाले आजवर मायती नाई?" तो म्हणाला. "वाटणीच्या दुसऱ्या दिवशीच तो माह्यापाशी आला होता बोरिंगचं माप घेऊन. ते चकचकीत पिस्टन समोर ठेवले अन् इचारलं, हळू चालवलं तं किती चालतीन? मी म्हनलं, बापा, दुकानदाराच्या डोक्यावर नेऊन मार. तं म्हने, दादानं हौसेनं आनले, त्याले सांगू नोका. म्या म्हनलं, मंग तू तरी काहून घेतले? पेटीतले घ्याचे होते. तं पिस्टन कागदात बांधून उठला. मले वाटलं, इतक्या वर्सात तुमाले समजलंच असन."

मी तिथल्या टायरवर बसलो. मिस्त्री पुढे काहीतरी रिंगांच्या मापाबद्दल बोलत होता. माझ्या डोळ्यांपुढे ते अंगण आलं, दोन हातांत दोन पिस्टन घेऊन बसलेला धाकटा आला. तो चांगलं कोणतं ते शोधत होता आणि ते कळल्यावर त्यानं वाईट उचललं होतं. मी त्याला लोभी ठरवलं, तेही नुसतं मनात नाही. गावोगावी, लग्नामांडवात, स्टँडवर, सगळीकडे.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिचा आधी विश्वासच बसेना, मग ती माझ्यावरच उखडली, "मंग तुमाले एवढंही समजत नोयतं तं नागपूरले गेलेच काहून?" मग स्वयंपाक तसाच टाकून ओट्यावर जाऊन बसली. मला माहीत होतं तिला काय आठवत असेल. मलाही तोच मांडव आठवत होता.

गाडी तयार झाल्यावर आम्ही दोघं अमरावतीला गेलो. धाकट्याचा सुटीचा दिवस होता. भाड्याच्या दोन खोल्या, पुढे लहानसा ओटा. आम्हाला पाहून त्याला इतका आनंद झाला की मला त्याच्याकडे पाहवेना. मी काही पाल्हाळ लावला नाही. म्हटलं, "मिस्त्रीनं सांगितलं मले."

त्याला लगेच समजलं. तो थोडा ओशाळला, जणू चोरी त्याचीच पकडली गेली होती. "म्हाताऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाई," तो म्हणाला.

"तू काहून केलं असं?"

"दादा, रागावू नोको. तू गाडी हाकतं म्हन्जे बैल हाकल्यावानी. तो माल तुह्या हाती एक हंगाम टिकला नसता. तुह्या घरी लेकरं होती. मले वाटलं, आपल्याले इंजिन समजते, आपन जपून चालवू, निभून जाईन. नाई निभलं."

"मंग मले सांगाचं नोयतं का? माल परत केला असता, दुसरं काई पाहिलं असतं."

"सांगतलं असतं तं तू ऐकलं असतं?"

ऐकलं असतं, असं मला म्हणायचं होतं. पण आमच्या दोघांच्याही डोळ्यांपुढे तेव्हाचा मी होतो, खोकी मांडीवर घेऊन बसलेला, आणि त्या माणसानं धाकट्याचं ऐकलं नसतं. "धाकटा असून मले शिकवतं?" असं म्हणून त्याला घराबाहेर काढलं असतं.

माझी बायको खाली मान घालून बसली होती. ती म्हणाली, "भाऊजी, आमाले खरंच मायती नोयतं हो. मायती असतं तं मी असं बोलली नसती."

तेव्हा आतल्या खोलीच्या दारातून आवाज आला. आमच्याकडे धाकट्याची बायको भासऱ्यासमोर बोलत नाही, नवऱ्याच्या थोरल्या भावाचा तेवढा मान. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज असा समोर ऐकलाच नव्हता. आताही ती माझ्याशी बोलत नव्हती. डोक्यावरचा पदर धरून, दाराच्या चौकटीकडे पाहत, आपल्या थोरल्या जावेला सांगत होती.

"मले मायती होतं, बाई. वाटणी झाली त्याच दिवशी यायनं मले सांगतलं. म्हने, दादाले कयलं तं त्याची मान खाली जाईन, तू कुठी बोलजो नोको. मंग नाई बोलली मी. हिवरखेडच्या मांडवात तुमी बोलल्या न, तवाही मले मायती होतं. मी लुगडं उचललं अन् हासली."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. माझी बायको उठली आणि तिच्या पायांकडे वाकली, तशी ती घाबरून मागे सरकली, "नोका बाई, मले पाप लागन." थोरलीनं धाकटीच्या पाया पडायचं नसतं. थोरल्या भावानंही पडायचं नसतं. आमच्यात थोरल्यानं माफी मागायची रीतच कुणी घालून दिलेली नाही, सगळ्या रिती धाकट्यासाठी. चहा आला, तो प्यालो. मग मी धाकट्याला म्हटलं, "ही गाडी तू ठेव."

"अन् तू का करशीन?" तो हसला. "मले शेठची गाडी हाये न. नवी हाये."

तो खरंच चिडवत नव्हता. पण "नवी" हा शब्द माझ्या कानात सुईसारखा गेला.

निघताना तो बाहेर आला. मी सेल्फ मारला. गाडी लगेच सुरू झाली, कुठे खडखड नाही, की ठोका नाही. धाकटा ओट्यावर उभा होता. त्यानं मान जराशी कलती केली आणि इंजिनाचा आवाज ऐकू लागला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा असा खुलला की त्याला आमचा विसरच पडला असावा. बायको शेजारी पदरानं डोळे पुसत होती. त्याचं ऐकून होईपर्यंत मी क्लच दाबून, गाडी गिअरमध्ये न टाकता बसून राहिलो.